पुष्पक विमान आणि सत्याची साक्ष

॥ श्री गणेशाय नमः ॥

भाविकजनहो,

श्रींचे दर्शन झाल्यावर यात्रेकरू घाटाच्या पायऱ्यांवर क्षणभर विसावतात. पुढे नदीचे पात्र, पलीकडे डोंगरांची रांग, दूर पांडवगड आणि वर मोकळे आकाश. ऊन थोडे तापले की त्या आकाशात घारी दिसू लागतात. पंख न हलवता त्या संथपणे गोल गोल फिरत वर चढत राहतात. हे दृश्य पाहून मन प्रसन्न होतेच, आणि प्रश्नही पडतात.

अशाच एका सकाळी घाटावर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आपल्या वडिलांना विचारीत होता, "बाबा, पुष्पक विमान खरंच होतं का?" वडील म्हणाले, "होतं तर! विमानविद्या मूळची आपलीच. परदेशी लोकांनी आपल्या पोथ्या नेल्या आणि त्यावरून विमानं बनवली." मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मग पोथ्या जायच्या आधी आपण का नाही बनवली?" वडिलांना उत्तर सुचले नाही. "चल, प्रसाद घेऊ," असे म्हणून ते उठले.

त्या मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नाला उत्तर देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. ज्या पुराव्यावर आपण मुलांची श्रद्धा उभी करतो तो पुरावाच कच्चा निघाला, तर पुराव्याबरोबर श्रद्धाही ढासळते. म्हणून आजच्या या निरूपणाचा विषय आहे आकाशगमन. पुराणे त्याविषयी काय सांगतात, इतिहास काय सांगतो आणि शास्त्र काय सांगते, याचा आपण क्रमाने विचार करू.

त्रिजटेने सांगितलेली खूण

पुष्पक विमान विश्वकर्म्याने ब्रह्मदेवासाठी निर्माण केले. कुबेराच्या तपश्चर्येवर प्रसन्न होऊन ब्रह्मदेवाने ते त्याला दिले. पुढे रावणाने आपल्याच या वडील भावाचा पराभव करून ते हिरावून घेतले. रावणाने सीतामाईला पुष्पकातून पळवून नेले, असा पुष्कळांचा समज असतो. वाल्मीकि रामायणात तसे नाही. तेथे तो गाढवे जुंपलेल्या मायावी रथातून आला, जटायूने तो रथ मोडून टाकला आणि मग रावणाने सीतेला उचलून आकाशमार्गाने नेले. पुष्पकाला त्या पापाचा भार वाहावा लागला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सीतामाई पुष्पकात प्रथम बसली ती युद्धाच्या वेळी. इंद्रजिताच्या नागपाशाने राम-लक्ष्मण रणभूमीवर निश्चेष्ट पडले होते. ते मेले असे सीतेला पटावे आणि तिने रावणाला वश व्हावे, या हेतूने राक्षसिणींनी तिला पुष्पकात बसवून ते दृश्य दाखवले. सीता शोकाने व्याकूळ झाली. त्या वेळी त्रिजटेने तिला धीर दिला. राम-लक्ष्मण जिवंत असल्याची एक खूण तिने सांगितली ती अशी : ते दोघे गतप्राण असते तर या दिव्य विमानाने तुला धारणच केले नसते.

भाविकहो, या प्रसंगाचे मर्म पाहा. रावणाने पुष्पक पाठवले ते असत्य पटवून देण्यासाठी. पुष्पकाने मात्र साक्ष दिली ती सत्याची. मालक असत्याचा असला, तरी वाहन सत्याचेच राहिले.

आणि युद्ध संपल्यावर काय झाले? बिभीषणाने पुष्पक श्रीरामांच्या सेवेस हजर केले. श्रीराम त्यातून निघाले, प्रयागास भरद्वाज ऋषींच्या आश्रमी थांबले आणि पुढे भरताला भेटले. विमानातून उतरल्यावर त्यांनी पहिली आज्ञा केली ती ही, की पुष्पकाने आपल्या मूळ मालकाकडे, कुबेराकडे परत जावे. ज्या वैभवासाठी रावणाने भावाशी वैर केले, ते हाती येताच रामांनी ज्याचे त्याला देऊन टाकले. जे आपले नाही ते आपले म्हणायचे नाही, हा पुष्पककथेचा शेवट आहे. आपण त्याच पुष्पकाच्या नावाने दुसऱ्यांच्या श्रमाचे श्रेय आपल्याकडे ओढू लागलो, तर रामांच्या बाजूला उभे राहतो की रावणाच्या, याचा विचार ज्याने त्याने करावा.

संपातीचे पंख

दुसरी कथा संपातीची. संपाती आणि जटायू हे दोघे भाऊ. तारुण्याच्या मदात त्यांनी सूर्यापर्यंत उडण्याची पैज लावली. वर जाता जाता उष्णतेने जटायू मूर्च्छित होऊ लागला. तेव्हा संपातीने आपले पंख पसरून धाकट्या भावावर सावली धरली. जटायू वाचला, संपातीचे पंख मात्र जळून गेले आणि तो विंध्य पर्वतावर कोसळला.

ग्रीक लोकांच्या पुराणातही अशीच एक कथा आहे. डेडलस नावाच्या कुशल कारागिराने क्रीट बेटावरून निसटण्यासाठी पिसे आणि मेण यांचे पंख तयार केले. त्याचा मुलगा इकरस बापाचे सांगणे विसरून सूर्याजवळ गेला, मेण वितळले आणि तो समुद्रात पडला. दोन दूरदूरच्या देशांतील कवींना एकच स्वप्न पडले आणि एकच भय वाटले. उडावे ही इच्छा साऱ्या मानवजातीची आहे, ती एका देशाची मालमत्ता नाही.

आपल्या कथेत मात्र पुढचा एक अध्याय आहे. सीतेचा शोध करणारे वानर निराश होऊन समुद्रतीरी बसले होते. तेथे वृद्ध संपातीने त्यांना सीता लंकेत असल्याचे सांगितले, आणि ते सांगता सांगताच त्याला नवे पंख फुटले. संपातीचे पंख गेले ते पैजेच्या नादात, आणि आले ते सत्य सांगितल्यावर.

झेप किती, हे खरे सांगावे

सीता कोठे आहे हे कळले, पण मध्ये शंभर योजने समुद्र होता. अंगदाने प्रत्येकाला विचारले, तुझी झेप किती? गज म्हणाला दहा योजने, गवाक्ष म्हणाला वीस. असे करीत करीत वृद्ध जांबवंत नव्वदपर्यंत आले. अंगद म्हणाला, मी शंभर योजने जाईन, पण परत येता येईल की नाही याची मला खात्री नाही. स्वामीचे कार्य अडले आहे, सारे वीर जमले आहेत, अशा वेळी वाढवून सांगण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण एकही वानर आपल्या शक्तीविषयी खोटे बोलला नाही. प्रत्येकाने खरे माप सांगितले, म्हणूनच योग्य वीर कोण हे ठरू शकले. मग जांबवंतांनी मौन धरून बसलेल्या हनुमंताला त्याच्या विसरलेल्या बळाची आठवण करून दिली आणि महेंद्र पर्वतावरून ती अलौकिक झेप घेतली गेली.

सतराव्या शतकात समर्थ रामदासस्वामींनी याच मारुतिरायाची स्थापना आपल्या परिसरात ठिकठिकाणी केली. चाफळ, शहापूर, मसूर, उंब्रज ही सातारा जिल्ह्यातील, तर शिराळे व बहे ही सांगली जिल्ह्यातील स्थाने अकरा मारुतींच्या यात्रेत येतात. वाईच्या घाटाला स्पर्श करून जाणारी कृष्णाच पुढे बह्याच्या बेटाला वेढा घालते. समर्थांनी मारुतीची उपासना सांगितली ती बलोपासना म्हणून. तेथे जाऊन भक्त जोर-बैठका काढीत आणि शरीर व मन कणखर करीत. मारुतीचे उड्डाण कोणत्या यंत्राने झाले, हा प्रश्न समर्थांच्या शिष्यांपुढे नव्हता. आपल्यातले निद्रिस्त बळ कोणत्या सेवेसाठी जागे करायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

पुराणातील आकाशगमनाचे हे खरे प्रयोजन आहे. कार्तिकी पौर्णिमेला आपण त्रिपुर पाजळतो. आकाशात फिरणारी असुरांची तीन नगरे महादेवाने एका बाणाने जाळली, ही त्यामागची कथा. दीपमाळेवर पणती ठेवताना त्या नगरांना कोणते इंधन लागत होते, असे कोणी विचारीत नाही. तुकोबांना न्यावयास वैकुंठीचे विमान आले असे वारकरी भक्तिभावाने म्हणतो, तेव्हा त्या विमानाचा सांगाडा कोणत्या धातूचा होता हे त्याला जाणून घ्यायचे नसते. ही भक्तीची भाषा आहे. तिला कारखान्याच्या भाषेत उतरवले तर तिचा मान वाढत नाही, उलट कमी होतो.

'विमान' या शब्दाविषयी

'विमान' या शब्दाचे मूळ मापनवाचक धातूत आहे. मोजून रचलेले ते विमान. म्हणून संस्कृतात देवांचा रथ म्हणजे विमान, अनेक मजली प्रासाद म्हणजेही विमान. दक्षिणेकडील मंदिरशिल्पात तर गर्भगृह व त्यावरील शिखर यांना आजही विमान असेच म्हणतात. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहणाऱ्या यात्रेकरूला वाटाड्या उंच शिखराकडे बोट करून 'हे विमान' असे सांगतो, ते याच अर्थाने. त्यामुळे जुन्या ग्रंथात हा शब्द दिसला की तेथे उडणारे यंत्रच असले पाहिजे, असे समजणे बरोबर नाही.

अकराव्या शतकातील भोजराजाच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ मुख्यतः वास्तुशास्त्राचा आहे. त्यात यंत्रांविषयी एक अध्याय असून हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करून, त्याच्या पोटात पारा तापवून आकाशात जाण्याचे वर्णन आहे. मात्र सर्व रचना गुप्त राखण्यासाठी दिलेली नाही, असे ग्रंथकारच सांगतो. यावरून आपल्या पूर्वजांनी उड्डाणाची कल्पना केली, तिच्याविषयी लिहिले, हे निश्चित दिसते. विमान उडाले असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. कल्पनेचेही मोल कमी नाही. कालिदासाने 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात पुष्पकातून दिसणारा समुद्र, चित्रकूट आणि गंगा-यमुनेचा संगम रंगवला आहे. जमिनीवर राहून एवढ्या उंचीवरची दृष्टी ज्याला लाभली, त्याच्या प्रतिभेला नमस्कारच केला पाहिजे.

इतिहास काय सांगतो

आता आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राचीन ग्रंथांतील वर्णनांवरून स्फूर्ती घेऊन विमान रचण्याचा उद्योग केला. त्यांच्या विमानाचे नाव 'मरुत्सखा'. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ते उडाले, असे अनेक लेखांतून सांगितले जाते, आणि २०१५ मध्ये यावर एक हिंदी चित्रपटही निघाला. मात्र त्या उड्डाणाचा तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. म्हणून तळपदे यांना नमस्कार करताना तो त्यांच्या जिद्दीला करावा. इतर लोक केवळ प्राचीन वैभवाच्या गप्पा मारीत असताना त्यांनी हातात हत्यारे घेतली, पदरमोड केली आणि करून पाहिले. हा मान त्यांचा आहे आणि तो कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. न झालेल्या गोष्टीचा मान त्यांच्यावर लादण्याची आवश्यकता नाही.

दुसरे नाव नेहमी घेतले जाते ते 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे. तो भरद्वाज महर्षींचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः दक्षिणेतील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात तोंडाने सांगितला व तो उतरवून घेतला गेला. त्यातील आकृत्या १९२३ मध्ये एका आरेखकाकडून काढून घेण्यात आल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची बारकाईने तपासणी केली. हे अभ्यासक आपलेच, भारतीय होते. ग्रंथाची भाषा प्राचीन नाही, तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ऋषींविषयी ज्याला खरा आदर आहे, त्याने जे ऋषींनी लिहिले नाही ते त्यांच्या नावावर खपवू नये.

भरद्वाजांच्या प्रयागाविषयी एक खरी आणि गोड गोष्ट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी प्रयागास हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे ६५०० पत्रे घेऊन विमान उडवले आणि यमुनेपलीकडील नैनी येथे उतरवले. विमानाने अधिकृतपणे टपाल नेण्याचा जगातील हा पहिला प्रसंग मानला जातो. ज्या भूमीवर पुष्पक थांबले असे रामायण सांगते, त्याच भूमीवरून जगाची विमानटपाल सेवा सुरू झाली. हे सांगण्यात अभिमानही आहे आणि असत्याचा कणही नाही.

घार कशी उडते

आता शास्त्राकडे वळू. घाटावरून दिसणारी घार आपली पहिली शिक्षिका आहे. डोंगराचा कातळ उन्हाने तापतो, त्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढू लागते. या वर जाणाऱ्या हवेत घार पंख पसरून फक्त तोल सांभाळते. तिला पंख मारावे लागत नाहीत, चढणारी हवाच तिला वर नेते. जवळच पाचगणीच्या पठारावरून कापडी छत्र्या बांधून उडणारी माणसे दिसतात, तीही याच हवेचा आश्रय घेतात.

पण वारा नसताना, शेकडो माणसे घेऊन जाणारे अवजड विमान कसे उचलले जाते? यासाठी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. कागदाची एक पट्टी घेऊन तिचे टोक ओठांच्या खाली धरावे आणि पट्टीच्या वरच्या बाजूने जोराने फुंकर मारावी. खाली लोंबणारी पट्टी वर उचलली जाते. हवेचा झोत पट्टीच्या पाठीला धरून खाली वळतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पट्टी वर येते. विमानाचा पंखही असाच किंचित फुगीर व किंचित तिरका असतो. वेगाने पुढे जाताना तो हवेला खाली लोटतो आणि हवा त्याला वर लोटते. क्रियेला तितकीच उलट प्रतिक्रिया असते, हा न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. वर उचलणारे बल वजनापेक्षा जास्त झाले की विमान जमीन सोडते. पुढे जाण्यासाठी यंत्राचा रेटा लागतो, कारण हवा मागे ओढत असते. तोल बिघडला तर मात्र हे सारे व्यर्थ.

हा तोल सापडण्यासाठी माणसाने फार मोठी किंमत मोजली. जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल यांनी यंत्राविना, पंखांवर तरंगत सुमारे दोन हजार वेळा उड्डाण केले आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून ते मरण पावले. अमेरिकेतील विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे दोघे भाऊ सायकलींचे दुकान चालवीत. त्यांनी लिलिएंथाल यांना गुरुस्थानी मानले होते. तरीही प्रत्यक्ष उड्डाणात गुरूचे आकडे जुळेनात, तेव्हा त्यांनी १९०१ मध्ये वारा सोडण्याची एक लाकडी पेटी तयार केली आणि तीत पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने पारखून पाहिले. पक्षी पंखांची टोके पिळून तोल कसा सावरतात, याचेही त्यांनी निरीक्षण केले. शेवटी १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे त्यांचे विमान उडाले. ते पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. ते त्यांनी तेवढेच सांगितले. 'माझी झेप दहा योजने' म्हणणाऱ्या गजाचा प्रामाणिकपणा येथे आठवतो. बारा सेकंद हे खरे माप होते, म्हणूनच त्याच दिवशी चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे होऊ शकले.

शास्त्रांचाही हाच दंडक

काही सज्जनांना वाटेल, की ग्रंथांतील वचन असे तपासून पाहणे म्हणजे श्रद्धेला उणेपणा आणणे होय. तसे नाही. आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात श्रीशंकराचार्यांनी स्पष्ट केले आहे, की श्रुतीचे प्रामाण्य आहे ते जे इंद्रियांना कळू शकत नाही त्या विषयात. अग्नी उष्ण आहे हे प्रत्यक्षाने कळते. त्याविरुद्ध शेकडो श्रुतिवचने पुढे आली, तरी तेवढ्याने अग्नी शीतल ठरत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. धर्म आणि मोक्ष यांविषयी शास्त्र प्रमाण, आणि विमान कसे उडते याविषयी प्रत्यक्ष प्रयोग प्रमाण. ही मर्यादा आचार्यांनीच घालून दिली आहे.

आपली वाई तर या विचाराचे माहेरघर आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा चालवली. तेथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. त्यांनी एका हाताने धर्मकोशाचे संपादन केले आणि दुसऱ्या हाताने मराठी विश्वकोशाचे. १९७६ मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राची वचने आणि आधुनिक विज्ञानाची तत्त्वे एकाच गावात, एकाच विद्वानाच्या देखरेखीखाली शुद्ध करून मांडली गेली. वेदही वाचावेत आणि विज्ञानही वाचावे, पण एकाचे बोट दुसऱ्याच्या तोंडात घालू नये, हा या क्षेत्राचा संस्कार आहे.

डोळ्यांसमोरचा वारसा

मग पूर्वजांचा अभिमान बाळगायचा तरी कशाचा? उत्तर अगदी जवळ आहे. गणपती आळीच्या घाटावरील महागणपतीचे, म्हणजे ढोल्या गणपतीचे मंदिर आपण पाहिले असेल. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. बहुतेक भाविक पुढून दर्शन घेऊन परततात. आपण मात्र एकदा मागील बाजूस जाऊन यावे. मंदिराची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा सरळ भिंतीवर आदळत नाही. तो त्या टोकाशी दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी सरकून जातो.

वाहत्या पाण्याला अडवू नये, त्याला वाट द्यावी, हे ज्ञान त्या गवंड्यांना नदी पाहून आणि मासा पाहून मिळाले असले पाहिजे. पाणी काय आणि हवा काय, दोन्ही वाहणारीच. विमानाचे नाक आणि त्याचे अंग असे निमुळते करतात तेही याच कारणाने, की समोरचा प्रवाह न अडखळता बाजूने निघून जावा. अडीचशेहून अधिक वर्षे कृष्णेने या भिंतीची परीक्षा घेतली आहे आणि मंदिर उभे आहे. हा पुरावा पोथीत शोधावा लागत नाही. त्यावर हात ठेवता येतो.

त्या मुलाला, आणि त्याच्यासारख्या प्रत्येक मुलाला, आपण असे सांगावे : बाळा, पुष्पक रामायणात आहे आणि ते आपल्याला सत्य व निर्लोभता शिकवते. आकाशात उडणारे विमान अनेक देशांच्या माणसांनी पडून, धडपडून, मोजून तयार केले. ते करणाऱ्यांत आपण पहिले नव्हतो, पण पुढे जाण्यास आपल्याला कोणी अडवलेले नाही. तुझ्या पूर्वजांनी नदी पाहून भिंत बांधली. तू घार पाहा, मोजमाप शीक आणि तुझी झेप किती ते खरे सांग. जांबवंत होऊन तुला तुझ्या बळाची आठवण देणे हे आमचे काम.

देणगीदार भक्तांनाही या निमित्ताने नम्र विनंती. अन्नदान श्रेष्ठ आहेच. त्यासोबत आपल्या गावच्या एखाद्या होतकरू मुलाच्या शिक्षणासाठी, शाळेच्या ग्रंथालयासाठी अथवा प्रयोगशाळेसाठी यथाशक्ती साहाय्य करावे. विद्येची देवता असलेल्या श्रीगजाननास तीही सेवा पोहोचते.

परतीच्या प्रवासापूर्वी एकदा त्या मत्स्याकार भिंतीचे दर्शन घ्यावे, घाटावर बसून घारींकडे पाहावे, आणि बरोबर मूल असेल तर त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. ठाऊक नसेल तर 'आपण दोघे शोधू' असे म्हणावे. असत्याच्या आधाराने दिलेल्या उत्तरापेक्षा ते देवाला अधिक प्रिय आहे.

श्रीगजानन आणि कृष्णामाई आपणां सर्वांचा प्रवास सुखाचा करोत.

॥ शुभं भवतु ॥